पोटॅश घालूनसुद्धा माडाच्या खालच्या झावळ्या दरवर्षी पिवळ्या: आमच्या वाडीत नक्की काय चुकत होतं

"पोटॅश घालतो ओ, तरी पिवळं पडतं." हे वाक्य मी निदान सहा वर्षं बोलत होतो, खताच्या दुकानात, एसटी स्टँडवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत सोलकढी वाढणाऱ्याला पण ऐकवलंय. आणि समोरचा दरवेळी म्हणणार, आमच्याकडे पण तसंच. म्हणजे रोग असेल, हवा बदलली असेल, वादळानंतर माड खचले असतील, काय वाट्टेल ते. आता तीन-चार वर्षांत बऱ्यापैकी आटोक्यात आलंय म्हणून लिहितोय, कारण ज्या चुका मी केल्या त्याच चुका आजूबाजूच्या दहा वाड्यांत रोज बघतो.

आधी आमची वाडी कशी आहे ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. दापोली तालुका, समुद्राच्या काठाला. आत्ता उभे माड ४६. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ११ आडवे झाले, त्या जागी रोपं लावलीत ती ह्या ४६ मध्ये धरलेली नाहीत. ४६ पैकी ३० खाली पुळणीच्या जमिनीत, म्हणजे हातात घेतली की बोटांतून गळणारी वाळूच, आणि १६ घरामागे चढावर तांबड्या जांभ्याच्या मातीत. मधे सुपारी, चार जायफळं, आणि केळी जिथे जागा मिळेल तिथे. खालच्या वाडीला विहिरीचं शिपणं आहे, वरची पावसावर.

तक्रार अशी, की दिवाळीपर्यंत माड छान दिसायचे. थंडी पडली की सगळ्यात खालच्या सात-आठ झावळ्यांना नारिंगी पिवळी झाक यायची, फेब्रुवारीपर्यंत पातींची टोकं भाजल्यासारखी करपायची, मग झावळी मोडून बुंध्याला लोंबत राहायची. नारळ लहान, खोबरं पातळ, आणि पोय, म्हणजे फुलोरा, फुटल्यावर बोंडं, म्हणजे इवलाले कोवळे नारळ, इतकी गळायची की सकाळी झाडलोट करताना टोपलीभर निघायची. जूनला परत खत, परत पावसात हिरवंगार, परत जानेवारीला तेच.

खत घालायच्या आधी पाती हातात घेऊन बघा

मी सहा वर्षं बघितलंच नव्हतं, पिवळं म्हणजे पिवळं. आता पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा गडी, वर चढला की त्याला खालची, मधली आणि वरची अशी एकेक पाती तोडून टाकायला सांगतो आणि उन्हाकडे धरून बघतो.

पालाश, म्हणजे पोटॅश खतातून मिळणारं पोटॅशियम, कमी असेल तर सुरुवात सगळ्यात जुन्या, खालच्या झावळ्यांपासून. पाती उन्हाकडे धरली की बारीक बारीक पिवळे-नारिंगी ठिपके दिसतात, उजेड आरपार जातो तसे, आणि टोकाकडचा भाग करपलेला, बुडाकडचा त्या मानाने हिरवा. ह्याचं कारण असं की पालाश झाडात एका जागी चिकटून बसत नाही, नवीन पानाला कमी पडला की माड तो जुन्या पानातून काढून वर पाठवतो. म्हणजे खालची झावळी पिवळी पडते ती वरच्या कोंबाला खायला घालून.

मॅग्नेशियम कमी असेल तरी पण जुन्याच झावळ्या पिवळ्या पडतात, इथेच लोक फसतात, मी पण फसलो. त्यात पातीच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मधला भाग स्वच्छ हिरवा राहतो, आणि टोकं सहसा करपत नाहीत. नत्र (नायट्रोजन) कमी असेल तर ठिपके वगैरे काही नाही, पूर्ण झावळीच फिकट. बोरॉन कमी असेल तर भानगड वर, नवीन कोंबात, पाती चुरगळलेल्या, टोकाला हुकासारख्या वळलेल्या, कधी कधी एकमेकींना चिकटलेल्या. आणि फक्त समुद्राकडच्या बाजूच्याच झावळ्या करपल्या असतील आणि डोंगराकडच्या बऱ्या असतील तर तो खारा वारा, त्याला खत घालून काही होणार नाही. वादळानंतरच्या वर्षी आमच्याकडे हे सगळं एकत्र झालं होतं, खाऱ्या फवाऱ्याने करपलेलं आणि उपासमारीने करपलेलं, त्यामुळे ते वर्ष मी निदानात धरतच नाही.

आमच्या ४६ पैकी बहुतेकांना पहिला प्रकार होता, ठिपके आणि करपलेली टोकं. म्हणजे पालाशच. मग मी जो घालत होतो तो जात कुठे होता?

हिशोब केला तेव्हा लाज वाटली

मी दर माडाला जूनमध्ये पहिला पाऊस पडला की १ किलो १५:१५:१५ आणि वर दोन मुठी लाल पोटॅश असं द्यायचो. वडील तसंच द्यायचे, म्हणून. एकदा त्या दोन मुठी वजनकाट्यावर टाकल्या, २०० ग्रॅमच्या आतबाहेर भरल्या. आता १५:१५:१५ म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश प्रत्येकी १५ टक्के, म्हणजे एका किलोत पालाश १५० ग्रॅम. लाल पोटॅशमध्ये, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये, पालाश ६० टक्के, म्हणजे २०० ग्रॅममध्ये १२० ग्रॅम. दोन्ही मिळून २७० ग्रॅम.

कासरगोडच्या नारळ संशोधन केंद्राची पूर्ण वाढलेल्या माडाची शिफारस वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी आहे. बाराशे! मी पाव भाग पण देत नव्हतो आणि गावभर सांगत होतो पोटॅश घालतो म्हणून. बघा, पालाशचा आकडा नत्राच्या दुपटीच्या वर आहे. आपल्याकडे युरिया म्हणजे खत अशी समजूत आहे, भातशेतीमुळे असेल, पण माडाचं जेवण वेगळं.

१२०० ग्रॅम पालाश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश २ किलो, हिशोब सोपा आहे. ४६ माडांना ९२ किलो, जवळजवळ दोन गोण्या. २०२२ ला गोणी १७०० रुपयांच्या आसपास गेली होती तेव्हा सगळ्यांनीच हात आखडला, मी पण. हे सगळं पोटॅश बाहेरच्या देशातून येतं त्यामुळे भाव आपल्या हातात नाही. जाता जाता सांगतो, दुकानात लाल चांगलं की पांढरं चांगलं असा वाद घालू नका, लाल रंग खाणीतल्या लोहाचा असतो, पालाश दोन्हीत तेवढाच.

पण नुसतं प्रमाण वाढवून भागत नाही. पहिल्या वर्षी मी उत्साहात जूनमध्ये एकदम २ किलो घातलं, सगळं बुंध्याला टेकवून. जानेवारीत परत पिवळं. थोडं कमी, पण पिवळंच.

जूनचं पोटॅश समुद्रात

म्युरेट ऑफ पोटॅश मिठासारखंच विरघळतं, चवीला पण तसंच लागतं म्हणतात, मी चाखलेलं नाही. विरघळल्यावर त्याला धरून ठेवायला मातीत चिकणमाती किंवा कुजलेला पालापाचोळा पाहिजे. पुळणीत दोन्ही नाही. आणि वरच्या जांभ्याच्या मातीत चिकणमाती आहे पण ती ज्या जातीची आहे तिची धरून ठेवायची ताकद फार कमी, काळ्या मातीशी तुलनाच नको. त्यात आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. मृगात घातलेलं खत आर्द्रा संपेपर्यंत मुळाखाली निघून जातं. पावसात माड हिरवेगार दिसायचे ते ह्यामुळेच, त्या महिना-दीड महिन्यात जे मिळालं ते मिळालं, पुढे दहा महिने उपास.

शेजारचे काका म्हणाले, अरे मग पाऊस संपल्यावर घाल की. इतकी साधी गोष्ट. शिफारशीत पण तेच आहे, एक तृतीयांश पावसाच्या तोंडावर आणि दोन तृतीयांश सप्टेंबर-ऑक्टोबरला, शिपण्याची सोय असेल तर चार हप्ते. मीच कधी वाचलं नव्हतं.

आता मी असं करतो. वरच्या १६ माडांना जूनला ७०० ग्रॅम आणि नवरात्रात १३०० ग्रॅम. गणपतीत घालायचा मोह होतो कारण मुंबईची पोरं आलेली असतात, हाताखाली माणसं असतात, पण तेव्हा पाऊस भरवशाचा नसतो, एक जोराची सर आली की गेलं. घटस्थापनेच्या सुमारास माती ओली असते आणि मोठा पाऊस बहुतेक सरलेला असतो. हस्ताचा गडगडाट व्हायचा असेल तर दोन दिवस थांबतो. खालच्या पुळणीतल्या ३० माडांना ५०० ग्रॅमचे चार हप्ते, एक मेअखेर, एक नवरात्रात, एक डिसेंबरला आणि एक फेब्रुवारीत, आणि शेवटच्या दोन वेळेला खत घालून लगेच पाणी. कोरड्या वाळूत खत घालून पाणी न देणं म्हणजे मुळांना मीठ चोळणं. युरिया साधारण १.१ किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट २ किलो वर्षाला, ते पण ह्याच हप्त्यांत वाटून.

आणि जागा. बुंध्याला टेकवून घातलेलं खत वाया. माडाला सोटमूळ नसतं, झिपऱ्यांसारखी मुळं चारी बाजूला पसरतात आणि खाणारी मुळं बुंध्यापासून लांब असतात. मी बुंध्यालगतचा दीड-दोन फूट सोडतो आणि तिथून साधारण सहा फुटांपर्यंतच्या आळ्यात सगळीकडे पसरतो, खुरप्याने हलकं ढवळतो, वर पाचोळा ओढतो. टिकावाने खोल खणत बसू नका, मुळं तुटतात आणि पाठ पण. पहिल्यांदा ४६ आळी नीट करायला दोन माणसं चार दिवस लागली, नंतर मग एवढं लागत नाही.

वादळानंतर लावलेल्या रोपांना एवढं घालायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पहिल्या वर्षी पूर्ण मात्रेचा दहावा भाग, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, चौथ्यापासून पूर्ण.

सोडणं कुठे जातात?

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात स्वस्त आहे. नारळातला जास्तीत जास्त पालाश खोबऱ्यात नसतो, पाण्यात पण नाही, सोडणात, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीत असतो. आम्ही वर्षानुवर्षं व्यापाऱ्याला असोला, म्हणजे न सोललेला नारळ देत आलो, टेम्पो भरून. म्हणजे दर खेपेला वाडीतला पालाश टेम्पोत घालून वर हसत हसत पैसे मोजून घेत होतो आणि जूनला दुकानातून त्याच पालाशची गोणी विकत आणत होतो.

आता जमेल तेवढे नारळ सोलून देतो. सगळे नाही जमत, सोलणाऱ्याची मजुरी बघावी लागते, पण निम्मे तरी. सोडणं आळ्यात पाठ वर करून पसरतो, एकाला लागून एक, दोन थर. पाणी टिकतं, तण कमी येतं, आणि पालाश हळूहळू खाली उतरतो. पुरायची असतील तर माडांच्या दोन ओळींमध्ये चर मारून पोट वर करून थर लावायचे म्हणजे त्यात पाणी साठतं, पाच-सहा वर्षं ती स्पंजासारखी काम करतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, सोडणातला पालाश पाण्यात सुटतो, त्याला कुजायची पण वाट बघावी लागत नाही. त्यामुळे सोडणांचा ढीग परसात पावसाखाली ठेवला तर सगळा माल त्या ढिगाखालच्या दोन हात जागेत जातो. आमच्याकडे तसा ढीग होता आणि त्याच्या शेजारचा एकच माड दरवर्षी काळाभोर हिरवा असायचा. आम्ही म्हणायचो त्याची जातच चांगली!

न्हाणीच्या चुलीची राख पण तशीच. सोडणं, करवंट्या, झावळ्या जाळतो त्याची राख म्हणजे पालाशच, फक्त ती पावसात भिजू द्यायची नाही, डब्यात कोरडी ठेवून नवरात्रातल्या हप्त्याबरोबर आळ्यात. आपली माती आंबट असते त्यामुळे राखेने नुकसान नाही. पण राख आणि युरिया, किंवा राख आणि ताजं शेण, एकत्र कालवू नका, नत्र वासाबरोबर उडून जातो, नाकाला झोंबतं तो तोच. आणि केळी! केळ पालाश खाण्यात माडाच्या वरताण आहे. घड उतरवला की खांब बांधावर फेकायची सवय होती, आता तुकडे करून त्याच आळ्यात.

शेणखत माडाला दोन-तीन घमेली तरी घालाच. त्यातून पालाश किती मिळतो हा मुद्दा नाही, पुळणीला काहीतरी धरून ठेवायची सवय लागते. ज्या १० माडांना सुरुवातीपासून शेणखत आणि पाचोळा दिला तिथे तेवढ्याच पोटॅशचा परिणाम जास्त दिसला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माती परीक्षणाची आमची गंमत

माती तपासायला मी पहिल्यांदा दिली तेव्हा रिपोर्टात पालाश "भरपूर". डोकंच फिरलं. नंतर लक्षात आलं की नमुना मी घरामागच्या सोयीच्या जागेवरून घेतला होता जिथे आई आयुष्यभर राख टाकत आली. दुसऱ्यांदा नीट घेतला, आठ-दहा आळ्यांतून, खत घालायच्या आधी, एक फुटापर्यंतची आणि त्याखालची माती वेगळी, पुळणीचा आणि जांभ्याचा नमुना वेगळा. पुळणीचा "कमी", जांभ्याचा "मध्यम" आला. साधारणपणे हेक्टरी ११० किलोच्या आत कमी आणि २८० च्या वर भरपूर धरतात. पण मध्यम लिहिलंय म्हणून वरच्या माडांचं पोटॅश बंद करू नका, तो आकडा त्या दिवशीचा असतो, ऑगस्टमध्ये त्याच जागेवर काय उरलंय ते वेगळं.

खरं उत्तर पान देतं. माडासाठी वरून पूर्ण उघडलेल्या पहिल्या झावळीपासून मोजत चौदावी झावळी घेतात. मोजायला कंटाळा आला तर ज्या झावळीच्या बेचक्यात मुठीएवढे नारळ आहेत ती साधारण तीच. तिच्या मधल्या पाती, मधला शीर काढून, मधला वीतभर तुकडा. सकाळी घ्यायचा आणि मोठा पाऊस झाल्यावर लगेच नाही, पानातून पण पालाश धुतला जातो. उंच जातीच्या माडात ह्या पानात पालाश ०.८ ते १ टक्क्याच्या खाली असेल तर उपासमार आहे असं धरतात. नुसतं खालचं पिवळं पान पाठवू नका, मरायला टेकलेल्या पानात कमी निघणारच.

ह्यावरून आठवलं. पुतण्या कॅलिफोर्नियात आहे, त्याने माझं हे वेड ऐकून तिथल्या पिस्त्याच्या बागांचा पानाचा तक्ता पाठवला. पिस्ता म्हणजे आपल्या आंबा-काजूच्याच कुळातला, बिब्बा पण त्यातलाच, आणि हापूससारखाच एक वर्ष भरभरून एक वर्ष हात आखडून. तिथे जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये पान तपासतात आणि पालाश १.६ टक्क्यांच्या खाली गेला की कमी समजतात, ज्या वर्षी पीक जास्त त्या वर्षी गरज जास्त. आता तो आकडा माडाला लावला तर जगातला प्रत्येक सुदृढ माड उपाशी ठरेल! पण मला त्यातलं वेगळंच पटलं. तिथे पाऊस नावापुरता, ठिबकने पाणी, आणि काही भागांत माती अशी की पालाश दिला की ती मुठीत आवळून बसते, झाडाला सोडतच नाही, त्यामुळे ते एका पट्ट्यात भरपूर घालतात म्हणजे मातीचं पोट भरून वर झाडाला उरावं. आपली माती मुठच आवळत नाही. पानावर लक्षण तेच, कमतरता तीच, कारण बरोबर उलटं, म्हणून त्यांच्यासारखं एकदम ओतणं इथे म्हणजे पऱ्ह्यात (ओढ्यात) ओतणं. मोबाईलवर दुसऱ्या पिकाचे तक्ते फिरत असतात त्यांचं असंच आहे.

आंब्याला तेच पोटॅश घातलं आणि पस्तावलो

माडाला फरक पडायला लागला तेव्हा अंगात आलं आणि वाडीच्या कडेच्या पाच हापूस कलमांना पण म्युरेट ऑफ पोटॅश भरपूर घातलं, कारण त्यांच्या पण जुन्या पानांची टोकं करपत होती. पुढच्या उन्हाळ्यात जास्त करपली. झालं असं की त्या कलमांना शिपतो ती विहीर खाडीच्या बाजूची, एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. म्युरेट म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यातलं जवळजवळ निम्मं वजन क्लोराइडचं. मचूळ पाण्यातलं क्लोराइड अधिक खतातलं क्लोराइड, आंब्याला ते सोसत नाही, पानाच्या टोकाला साठतं आणि जाळतं. माडाचं उलट आहे, त्याला क्लोराइड लागतंच, म्हणून तर जुनी माणसं माडाच्या आळ्यात खडेमीठ टाकायची आणि आपण हसायचो.

तर कलमांना आता सल्फेट ऑफ पोटॅश, त्यात ५० टक्के पालाश आणि वर गंधक. महाग आहे पण पाच झाडांचा प्रश्न. आणि मेमध्ये त्या विहिरीचं पाणी कलमांना बंद. दोन वर्षांत नवी पानं टोकापर्यंत हिरवी आहेत. दुकानदार म्हणेल दोन्ही पोटॅशच की, म्हणू दे.

मॅग्नेशियम आणि तोडू नये ती झावळी

पोटॅश पूर्ण मात्रेत सुरू केल्यावर दुसऱ्या वर्षी पुळणीतल्या सात-आठ माडांना नवीनच पिवळेपणा आला, कडेने पट्टा आणि मधे हिरवं. मी घाबरून पोटॅश अजून वाढवायला निघालो होतो. बरं झालं पाती हातात घेऊन बघितली. पालाश आणि मॅग्नेशियम मुळाच्या दारात एकमेकांना ढकलतात, एकाचा लोंढा आला की दुसरा बाहेर. त्या माडांना वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं, नवरात्रातल्या हप्त्याच्या वेळी, आणि पुढच्या वर्षी नव्या झावळ्यांत पट्टा आला नाही. दोन माडांच्या कोंबाच्या पाती चुरगळत होत्या त्यांना बोरॅक्स ५० ग्रॅम, आणि हे मुठीने नाही, वजन करून. बोरॉन जास्त झालं तर विष.

अजून एक चूक जी सगळे करतात. पिवळी झावळी वाईट दिसते म्हणून पाडेलीला सांगून साफ करून घ्यायची. पर्यटक येतात, घरगुती खोल्या आहेत, वाडी देखणी दिसायला पाहिजे, सगळं मान्य. पण ती पिवळी झावळी म्हणजे माडाची शिल्लक. त्यातला पालाश अजून वर जात असतो. ती तोडली की माड तिच्या वरच्या हिरव्या झावळीतून काढायला लागतो आणि पिवळेपणा एक पायरी वर सरकतो. पूर्ण वाळून तपकिरी झाली, हाताने ओढली की येते, तेव्हाच काढायची, आणि काढलेली त्याच आळ्यात. वाटेवर कोणाच्या डोक्यात पडेल अशी असेल तर अर्थात काढा.

किती दिवसांत फरक पडतो, हे मला रोज कोणीतरी विचारतं. जी झावळी पिवळी पडली ती परत हिरवी होत नाही, तिच्याकडे बघून निकाल लावू नका. माडाला वर्षाला १२ ते १४ नवीन झावळ्या येतात आणि डोक्यावर ३०-३५ असतात, म्हणजे सगळं डोकं बदलायला अडीच वर्षं. आणि नारळाचं तर विचारूच नका, पोयीची सुरुवात कोंबाच्या आत होते तिथपासून नारळ उतरेपर्यंत साधारण ४४ महिने. आज घातलेलं खत आजच्या पोयीची बोंडगळ थोडी कमी करेल, पण पोय भरून यायची तर साडेतीन वर्षं धीर धरायचा. मी एका वर्षात पैसे वाया गेले म्हणून जवळजवळ सोडलंच होतं, बायको म्हणाली दोन गोण्या घरात पडल्यात त्या तरी संपवा, म्हणून चालू राहिलं.

आत्ताची परिस्थिती अशी की जानेवारीत खालच्या दोन, फार तर तीन झावळ्या पिवळ्या होतात, तेवढं म्हातारपण आहे, ते होणारच. बोंडगळ आहे पण टोपली भरत नाही.

दोन माड मात्र हट्टाने तसेच राहिले, खालच्या कोपऱ्यातले, बांधाच्या कडेचे. सगळं दिलं, पोटॅश, मॅग्नेशियम, शेणखत, सोडणं. तरी डोकं बारीक होत चाललेलं, झावळ्या आखूड. शेवटी मागच्या ऑक्टोबरला आळ्याच्या बाहेर खड्डा मारला तर दोन फुटांवर पाणी, आणि मुळं काळी, दाबली की सालीसकट निघून येणारी. पलीकडच्या प्लॉटवर भराव घातल्यापासून पावसाचं पाणी तिथे तुंबत होतं आणि आमचं लक्ष वर झावळ्यांकडे. कुजलेल्या मुळाला कसलं पोटॅश. आता त्या कोपऱ्यातून पऱ्ह्यापर्यंत कमरेएवढा चर मारलाय, येत्या पावसात पाणी हलतं का बघायचं. त्या दोघांचं खत तोपर्यंत बंद, त्यांच्या वाटणीचं चार किलो ह्या नवरात्रात वादळानंतरच्या रोपांना.